ओटीचे तांदूळ

गौलीगुडा, हैदराबाद
३ ऑक्टोबर २०२५

गं. भा. सत्यवतीअक्का यांना धाकट्या जावेचा, प्रमिलाचा नमस्कार.

काल दसरा झाला. सोनं लुटायला घरात सगळे होते, तुमची तेवढी आठवण झाली. तुम्ही चेन्नईला गेल्यापासून सणावारी कधी आला नाहीत. अर्थात यायचं तरी कशाला म्हणा, चार बायका जमल्या की तुम्हालाच अवघडल्यासारखं होतं. मी समजू शकते.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुमचा आवाज ऐकला की जुनं काहीतरी निघतं आणि बोलणं राहून जातं. काम ओमकारचं आहे. त्याने माधापूरची नोकरी सोडली हे तुमच्या कानावर आलंच असेल. यांच्या दुकानातल्या नारायणपेठ साड्या तो इंटरनेटवरून अमेरिकेत विकत होता. छान चाललं होतं. ऑगस्टात अमेरिकेने लहान पार्सलांची सूट काढून घेतली आणि गिऱ्हाईकं वरचा कर भरायला तयार होईनात. महिनाभर पोरगा नुसता फोन हातात घेऊन बसला होता.

आता देवाने हात दिला आहे. मेलबर्नमध्ये आपल्या बायकांचं एक मंडळ आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून त्यांना सव्वाशे नारायणपेठ साड्या हव्यात. हे नीट पोचलं तर दरवर्षी घेणार, शिवाय सिडनीच्या मंडळालाही सांगणार. ओमकार म्हणाला, हे जमलं तर मी हैदराबाद सोडत नाही, नाही जमलं तर जिथे नोकरी मिळेल तिथे जातो. अक्का, मला एकच मुलगा आहे. तो माझ्या घरात राहावा, याच्यापलीकडे मला काही नको.

तुम्ही कस्टमच्या एजंटाकडे इतकी वर्षं काम करता. माल कसा पाठवायचा, कागद कोणते, सगळं लिहून कळवा. ओमकार तुमच्याशी थेट बोलायला निघाला होता. "मम्मी, मोठी आईचा नंबर दे ना," म्हणाला. मी म्हटलं, मोठ्यांचं मोठ्यांना बोलू दे. तुम्हाला उगीच त्रास नको म्हणून मी तुमचा नंबर त्याला कधी दिलाच नाही.

एक विचारायचं होतं. वाण म्हणजे भेटच, तर कागदावर "भेटवस्तू" लिहिलं तर चालेल ना? कर वाचेल.

तुमची,
प्रमिला


चेन्नई
१४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. प्रमिला हिला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाकिटावर तू माझ्या नावामागे गं. भा. लिहिलं होतंस. आमच्या ऑफिसातल्या तमिळ मुलीने ते उतरवून घेतलं आणि ही कुठली डिग्री म्हणून विचारलं. मी सांगितलं, परीक्षा न देता मिळते.

पत्राने विचारलंस ते बरं केलंस. आमच्या धंद्यात तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो. माल अडकला की सगळे म्हणतात, मी असं बोललोच नव्हतो. मी जे सांगते ते लिहून सांगते.

"भेटवस्तू" अजिबात लिहायचं नाही. सव्वाशे साड्या एका पत्त्यावर भेट म्हणून कोणी पाठवत नाही, हे तिकडच्या माणसांना तुझ्याइतकंच कळतं. विक्री आहे, विक्री लिहा, आणि खरी किंमत लिहा. निर्यातीचा परवाना कोणाच्या नावावर आहे ते बघ. दुकान अप्पारावांचं आणि विक्री ओमकारची, असं असेल तर बँक आणि परवाना दोन्ही ओमकारच्याच नावावर हवेत, नाहीतर पैसे येताना घोळ होईल. साडी सुती की रेशमी, जर खरी की कृत्रिम, हे प्रत्येक नगावर बरोबर लिहायचं. अप्पाराव गिऱ्हाइकाला सांगतात तसं नाही, खरं असेल तसं.

माल एकदम पाठवू नका. तीन खेपा करा. पहिली लहान, वीस-पंचवीस साड्यांची. ती सुटली की मग बाकीच्या. एक अडकली तरी दोन हातात राहतात. संक्रांत जवळ आहे, म्हणून पहिली खेप नोव्हेंबरच्या आत गेली पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियात जमिनीतून उगवलेली कुठलीही वस्तू फार कडकपणे तपासतात. बी, दाणा, साल, गवत, काही चालत नाही. त्यांची शेती आपल्याकडच्या किडीने खाल्ली जाईल अशी त्यांना धास्ती असते, आणि ती खोटी नाही. तुझा हात मला माहीत आहे. सवाष्णीकडे साडी जाणार म्हटल्यावर तू घडीत तांदूळ, सुपारी आणि हळकुंड घालणार. घालू नकोस. एका पार्सलात मूठभर तांदूळ सापडले तर ते सगळी खेप उघडतील, आणि त्यात कीड निघाली तर सगळं जाळून टाकतील. शिवाय पार्सलात असं काही नाही, असं ओमकारला सहीनिशी लिहून द्यावं लागतं. खोटं ठरलं तर त्याचं नाव कायमचं लाल शाईत जातं.

एवढा भाग ओमकारला जसाच्या तसा वाचून दाखव. त्याला मराठी वाचता येत नाही, हे मला आठवतं. क, ख शिकवायला मीच बसवला होता, पण आठव्या वर्षी तो माझ्या हातून गेला आणि तिथेच त्याची अक्षरं थांबली.

सत्यवती


गौलीगुडा
२७ ऑक्टोबर २०२५

गं. भा. अक्कांना नमस्कार.

पत्र मिळालं. बाकीचं सगळं ओमकारला वाचून दाखवलं. त्याने कागदावर टिपून घेतलं आणि "मोठी आई एकदम मस्त समजावते" म्हणाला. परवाना त्याच्याच नावावर आहे. भेटवस्तूचं मीच मागे घेतलं.

तांदळाचं मात्र मी त्याला वाचून दाखवलं नाही. रागावू नका, पण तुम्हीच विचार करा. सौभाग्यवतीच्या घरी साडी जाते आहे, तीही संक्रांतीच्या वाणाची. ओटीशिवाय पाठवली तर ती नुसतं कापड होते. मंडळाच्या बायकांनी आपल्या हातची साडी का मागितली? त्यांना दुकानं काय कमी आहेत? घरून आल्यासारखं वाटतं म्हणून मागितली. पदराच्या घडीत चार दाणे आणि एक सुपारी, कोण बघतं? माझ्या माहेरी साडी अशीच जायची आणि कधी कुठली साडी अडली नाही.

खरं सांगू का अक्का, मला तुमचं थोडं वाईट वाटलं. तुम्हाला ओटीचं महत्त्व कसं कळणार? मूल झालं नाही, आणि भावोजी गेल्यावर तो प्रश्नच मिटला. ज्या बाईची ओटी कोणी भरत नाही, तिला दुसऱ्यांची भरलेली बघवत नाही, हा माणसाचा स्वभावच आहे. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण शुभकार्यात तुमचा सल्ला कागदापुरताच ठेवू या. मुंजीच्या वेळीही मी हेच केलं होतं, आणि तेव्हाही मनात पाप नव्हतं. लोक नावं ठेवतात, त्यांचं तोंड कोण धरणार?

पुढचं कळवा. कोणत्या कागदावर कोणाची सही, तेवढं स्पष्ट लिहा.

प्रमिला


चेन्नई
५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. प्रमिला हिला आशीर्वाद.

बरं. ओटीबद्दल मी पुन्हा लिहिणार नाही.

सगळ्या कागदांवर सही ओमकारची. बिल, मालाची यादी, आणि पार्सलात काय नाही ते सांगणारा कागद, तिन्हीवर. अप्पारावांची कुठेही नको, तुझी तर नकोच. एकाच माणसाची सही असली की जबाबदारी स्पष्ट राहते.

खेपांचं मी आधी तीन म्हटलं होतं. आता दिवस कमी उरले आहेत. पहिली सुटायची वाट बघत बसलात तर तिसरी संक्रांतीनंतर पोचेल आणि वाण वाया जाईल. सगळ्या सव्वाशे साड्या एकाच खेपेत पाठवा. नोव्हेंबर संपता संपता माल बांधून तयार ठेवा. ओमकारला सांग, हे मी सांगितलं आहे.

सत्यवती


गौलीगुडा
३० नोव्हेंबर २०२५

गं. भा. अक्कांना नमस्कार.

आज मन भरून आलं आहे म्हणून लिहायला बसले. माल बांधून झाला. काल विद्यानगरहून सुनंदा, त्रिवेणी आणि त्यांच्या जावा आल्या होत्या. हॉलमध्ये चादरी अंथरल्या, सव्वाशे साड्या रंगांप्रमाणे मांडल्या, आणि आम्ही एकेकीची ओटी भरायला बसलो. तांदूळ घरचेच काढले, माळ्यावरच्या मोठ्या डब्यातले, गेल्या वर्षी शेतावरून आलेले. हळकुंड, सुपारी आणि कुंकवाची पुडी. त्रिवेणीने गाणी म्हटली. तांदूळ घडीत घातले की वरून हात फिरवायचा आणि त्या अनोळखी बाईचं सौभाग्य मागायचं. इतकं प्रसन्न वाटलं. एका अर्थी तुम्ही इथे नव्हता ते बरंच झालं, तुम्हाला पुन्हा आतल्या खोलीत बसायला सांगणं माझ्या जिवावर आलं असतं.

ओमकार मधेच आला. तांदूळ बघून थबकला. "मम्मी, हे काय टाकायलीस? ऑस्ट्रेलियावाले सीड्स वगैरे नाही चालत म्हणतेत ना?" मी म्हटलं, पूजेचं आहे, चिमूटभर. तो म्हणाला, "मोठी आईला विचारलंस का?" मी म्हटलं, हौ, विचारलं. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. "तिने हौ म्हटलं तर मग नो टेन्शन," म्हणाला आणि सगळ्या कागदांवर सह्या करून टाकल्या. बघा, तुमच्यावर अजून किती विश्वास आहे पोराचा. मी मोडला नाही.

पार्सलं एजंटाच्या गोदामात गेली. कागद तपासून आठवड्याभरात शमशाबादहून विमानात चढतील. ओमकार आबिड्सला एक गाळा बघून आला. दुकानाला नाव द्यायचं ठरवतो आहे. म्हणतो, मम्मी, आता मी कुठे जात नाही. मी देवापुढे साखर ठेवली.

प्रमिला


चेन्नई
४ डिसेंबर २०२५

चि. सौ. प्रमिला हिला आशीर्वाद.

पत्र आज मिळालं. एजंटाने मागितल्याशिवाय आता कशालाही हात लावू नका. वाट बघा.

सत्यवती


गौलीगुडा
१० जानेवारी २०२६

अक्का,

सगळं संपलं.

मेलबर्नला पार्सलं उघडली. तांदूळ निघाले, आणि तांदळात जिवंत अळ्या निघाल्या. एका पार्सलात निघाल्या म्हणून सगळी उघडली, आणि सगळ्यांत तांदूळ होते. कागदावर लिहिलं होतं की असं काहीच नाही, खाली ओमकारची सही. त्यांनी फोटो पाठवले. साडीचा पदर उलगडलेला, त्यावर निळा हातमोजा, आणि हातमोज्यावर आपल्या डब्यातले तांदूळ. मंडळाच्या बाईंनी माल सोडवून घ्यायला नकार दिला. सव्वाशे साड्या जाळल्या, अक्का. संक्रांत चार दिवसांवर आहे. ओमकार ज्या वेबसाइटवरून विकायचा, तिने त्याचं दुकान बंद केलं. यापुढे त्याचं कुठलंही पार्सल गेलं तर आधी उघडून बघणार म्हणे. आबिड्सच्या गाळ्याला त्याने स्वतःच नाही कळवलं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. फोटो बघितल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला. ओरडला नाही. "मोठी आईला खरंच माहीत नव्हतं?" एवढंच विचारलं. माझ्या तोंडून खोटं निघेना. तिने लिहिलं होतं, मी तुला वाचून दाखवलं नाही, असं सांगितलं. तो उठून गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं तर बाहेर जाऊन खाऊन येतो. काल बॅग काढून ठेवली आहे.

रात्रंदिवस मी तुमची पत्रं काढून वाचते. पहिल्या पत्रात तुम्ही तीन खेपा सांगितल्या होत्या. पहिली लहान पाठवली असती तर वीस साड्या गेल्या असत्या आणि आम्ही सावध झालो असतो. दुसऱ्या पत्रात तुम्ही एकच खेप करायला लावलीत. त्याच पत्रात सगळ्या सह्या ओमकारच्या करायला लावल्यात. मी तांदूळ घालणार हे तेव्हा तुम्हाला माहीत होतं. अक्का, मला तुम्ही काय वाटेल ते करायचं होतं. माझं चुकलं, मी बोलायला नको ते बोलले. पण तो तर तुमच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्याचं नाव का घातलंत त्यात?

तरीही तुमच्याकडेच पदर पसरते. तो फक्त तुमचं ऐकेल. त्याला लिहा, फोन करा, काहीही करा, पण घर सोडू नको म्हणून सांगा. तुमचा नंबर मी आता त्याला देते. मी तुमच्या पाया पडते.

प्रमिला


चेन्नई
२ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. प्रमिला हिला आशीर्वाद.

नंबर द्यायची तसदी तुला पडली नसेल. ओमकार १५ तारखेला इथे आला. माझ्या पाकिटावर मागच्या बाजूला ऑफिसचा पत्ता इंग्रजीत छापलेला असतो. मराठी नसलं तरी तेवढं त्याला वाचता येतं. तू काळजीत असशील म्हणून कळवते. कळवायला उशीर केला, कारण त्यानेच सांगितलं होतं की लगेच लिहू नको.

तू विचारलं आहेस, त्याचं उत्तर देते. तुझ्या बाजूने मला सगळं लिहून मिळालं आहे, तर माझ्या बाजूनेही लेखी असावं.

होय, खेप मी मुद्दाम एकच करायला लावली. दिवस कमी होते हे खरं, पण दोन खेपा सहज बसल्या असत्या. सह्या त्याच्याच करायला लावल्या, कारण दुसऱ्या कोणाची असती तर दंड झाला असता, त्याचं मन तुझ्यापासून तुटलं नसतं. तुझं ३० तारखेचं पत्र मला मिळालं तेव्हा माल अजून शमशाबादच्या गोदामात होता. एका फोनने थांबला असता. ओमकारच्या दुकानाचा नंबर वेबसाइटवर सगळ्या जगाला दिसत होता, मलाही दिसत होता. मी फोन उचलला नाही. शुभकार्यात माझा सल्ला कागदापुरताच ठेवायचा, हे तूच ठरवलं होतंस.

त्याला यातलं काही माहीत नाही. तीन खेपांची एक का केली, असं त्याने एकदा विचारलं. दिवस कमी होते असं मी सांगितलं. त्याने मान हलवली. तू सांगायचं म्हटलंस तर खुशाल सांग. तुझ्या तोंडून माझ्याविरुद्ध काही ऐकायची त्याची तयारी आता किती आहे, ते तुलाच कळेल.

तू मुंजीचा उल्लेख केलास, आणि त्या आतल्या खोलीचाही. तू विसरली असशील म्हणून आठवण देते. अनंत, तुझे भावोजी, जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. तुझी शाळेतली नोकरी होती, म्हणून सात वर्षं त्या पोराला न्हाऊमाखू मी घालत होते. मुंजीच्या दिवशी तू मला सामानाच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावलीस. मातृभोजनाच्या वेळी तो मांडवात रडत होता, मोठी आई पाहिजे, तिच्या ताटात जेवायचं. तू त्याला सांगितलंस, ती गावाला गेली, तुझी मुंज बघायची तिची इच्छा नव्हती. मी दाराला कान लावून ऐकत होते. दार वाजवलं असतं तर चार लोकांत तुझी शोभा झाली असती, म्हणून वाजवलं नाही. त्या आठवड्यात मी चेन्नईला निघून गेले. त्याने मला कधी पत्र लिहिलं नाही, मला वाटलं रागावला असेल. आता समजलं की त्याला वाटत होतं मीच त्याला टाकलं.

आमच्या ऑफिसात त्याला कामाला लावलं आहे. लहान धंदेवाले येतात, इंटरनेटवरून विकणारे. त्यांच्या पार्सलात काय घालायचं आणि काय नाही, हे तो समजावून सांगतो. फार चांगलं समजावतो. त्याच्याइतकं ते दुसऱ्या कोणाला कळलेलं नाही. स्वतःच्या नावाने तो आता काही पाठवू शकत नाही, पण माझ्या नावाखाली राहू शकतो.

येताना त्याने दोन वस्तू आणल्या. नमुन्यासाठी ठेवलेली एक नारायणपेठ, जांभळी, आणि डब्यात उरलेले ओटीचे तांदूळ. म्हणाला, "मम्मी रोज तो डबा उघडून बघत रडायली, म्हणून घेऊनच आलो." मी दारात उभी होते. त्याने साडी, तिच्यावर तांदळाची पिशवी आणि पिशवीवर स्टेशनवर घेतलेला नारळ असं सगळं एकदमच माझ्या हातात दिलं. हात भरले, म्हणून मी पदर पुढे केला. विधवेला असं देत नाहीत हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही, शिकवायला मी तिथे नव्हते आणि तुला वेळ नव्हता.

तांदूळ निवडायला घेतले. अळ्या होत्याच. दोघांनी मिळून परातीत निवडले, धुतले आणि भात लावला. भांडी अजून बांधलेलीच होती, मी नुकतीच नवीन घरात आले आहे, म्हणून ताट एकच बाहेर होतं. आम्ही त्या एका ताटात जेवलो. त्याने दोनदा भात घेतला.

तो इथेच राहणार आहे. या वेळी पाकिटावर तू गं. भा. लिहिलं नव्हतंस. पुढच्या वेळी लिहीत जा, सवय मोडू नकोस. आणि वेळेवर जेवत जा.

सत्यवती